माठाजवळची जागा: विदर्भातल्या घरात ब्रोमेलियाडचं तापमान कसं सांभाळायचं

डिसेंबर-जानेवारीत नागपूर, वर्धा, अमरावतीच्या नर्सऱ्यांमध्ये एक झाड हमखास पुढच्या रांगेत मांडलेलं असतं. हिरवीगार तकतकीत पानं आणि मधून वर आलेला लालभडक किंवा केशरी तुरा, हात लावून बघेपर्यंत प्लास्टिकचा वाटेल असा. नाव विचारलं तर कुणी गुझमानिया सांगतं, कुणी नुसतंच ब्रोमेलियाड. घरी आणलं की होळीपर्यंत त्याला काही होत नाही. एप्रिलमध्ये पानांची टोकं करपतात, मे महिन्यात सगळं झाड पिवळं पडतं आणि मृग लागायच्या आधी कुंडी रिकामी होते. मग आपण म्हणतो, आपल्याकडच्या हवेत हे जगत नाही.

जगतं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घराचा जुना भाग मातीच्या भिंतींचा आणि कवेलूचा, नवा भाग स्लॅबचा, मागे टिनाची एक खोली. एसी नाही, कूलर आहे, आणि मे महिन्यात दुपारी वीज जाते-येते. या घरात माझ्याकडच्या ब्रोमेलियाडनी सात उन्हाळे काढले आहेत. त्यासाठी महागडं काही घेतलं नाही. कुठल्या महिन्यात घरातली कुठली जागा किती तापते ते नीट बघितलं आणि झाड त्याप्रमाणे हलवत गेले. पहिल्यांदाच असं झाड आणलेल्यांसाठी तेच इथे क्रमाने सांगते.

१. आधी कुठलं झाड आणलंय ते ओळखा

ब्रोमेलियाड हे एका झाडाचं नाव नाही, ते अख्खं कुळ आहे. त्यात तीन हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि अगदी एखादा अपवाद सोडला तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्या ओळखीचा अननस याच कुळातला. 'उष्ण कटिबंधातलं झाड' असं कानावर आलं की वाटतं, मग आपल्याकडे ऊन काय कमी आहे? घोटाळा इथेच होतो. गुझमानियाचे भाऊबंद कोलंबिया-इक्वेडोरकडच्या ओल्या डोंगरी जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. तिथे वर पानांचं छप्पर, हवेत कायम ओल आणि रात्र झाली की गारवा. उष्ण कटिबंधात ते जंगलही येतं आणि चंद्रपूरही येतं, पण वैशाखातल्या चंद्रपुरात उभं राहून त्या जंगलाची कल्पनाही करता येत नाही.

पानाच्या कडेवरून हलकेच बोट फिरवा. कड गुळगुळीत आणि पान मऊ, पातळ लागलं तर ते गुझमानिया किंवा व्रायसिया. व्रायसियाचा तुरा चपट्या तलवारीसारखा असतो. ही दोन्ही नाजूक. कडेला बारीक काटे लागले आणि पान जाड, ताठ असलं तर एकमिया, निओरेगेलिया किंवा बिलबर्जिया असेल. एकमियाच्या पानावर रुपेरी-राखाडी पट्टे असतात आणि फूल गुलाबी. निओरेगेलिया पसरट, फुलायच्या वेळी त्याची मधली पानं लाल होतात. बिलबर्जिया उभं, नळीसारखं. ही तिन्ही काटक. काटेवाल्यांपैकी बरीच झाडं अननसासारखी दिवसा पानांची छिद्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात, म्हणून दुपारच्या कोरड्या हवेत त्यांचं पाणी कमी उडतं. गुझमानियाला हे साधत नाही.

अजून झाड घेतलं नसेल तर माझं ऐका, पहिलं निओरेगेलिया नाहीतर एकमिया घ्या. घराचा एक उन्हाळा समजून घ्या आणि गुझमानिया त्यानंतर आणा.

२. आकडे लक्षात ठेवा

गुझमानिया आणि व्रायसियाला दिवसा 20 ते 27 अंश सेल्सिअस आणि रात्री 16 ते 20 अंश सगळ्यात मानवतं. सावली आणि हवेत ओल असेल तर 32 अंशांपर्यंत ती कुरकुर करत नाहीत. 35 च्या वर गेलं आणि हवा कोरडी असली की टोकं करपायला लागतात. खालच्या बाजूला 12-13 अंश ही हद्द धरा. काटेवाली झाडं सावलीत 35 ते 38 अंशांचे काही दिवस सोसतात, आणि बिलबर्जिया तर थंडीही बरीच सोसतं.

आता आपल्याकडचं बघा. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि त्याच नागपुरात 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे तो 3.5 अंशांवर उतरला होता. दोन्ही टोकं या झाडाच्या सोयीच्या बाहेरची. पण ते आकडे वेधशाळेच्या सावलीतल्या पेटीतले असतात. झाडाला कळतो तो कुंडीशेजारचा आकडा, आणि तो घरातल्या घरात दहा अंशांनी बदलू शकतो. आपलं सगळं काम त्या दहा अंशांत आहे.

तापमानासोबत हवेतली ओल बघावीच लागते. या झाडांना 50-60 टक्के ओल बरी वाटते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे ती 15-20 टक्क्यांवर येते. म्हणून जूनअखेरचे 36 अंश आणि एप्रिलमधले 36 अंश झाडाला सारखे नसतात. पहिल्यात ते टवटवीत असतं, दुसऱ्यात चार दिवसांत टोकं तपकिरी होतात.

३. थर्मामीटर आणा आणि घर मोजा

तापमान आणि ओल दोन्ही दाखवणारं, दिवसभरातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. खतापेक्षा आधी ते घ्या. भिंतीला टांगू नका, भिंतीचाच ताप दाखवेल. जिथे झाड ठेवायचा विचार आहे तिथे, कुंडीच्या उंचीवर, उन्हाबाहेर ठेवा. दुपारी तीन, रात्री दहा आणि पहाटे पाच या तीन वेळा बघा, कागदावर लिहा. प्रत्येक खोलीत दोन-दोन दिवस.

मागच्या वैशाखात आमच्याकडे दुपारी तीनला टिनाच्या खोलीत 46, स्लॅबच्या खोलीत 39 आणि माजघरात 34 अंश होते. दुपारचा फरक अपेक्षेप्रमाणेच होता. डोळे उघडले ते रात्रीच्या आकड्यांनी. रात्री दहाला टिनाची खोली बाहेरच्या हवेइतकी उतरली होती, पण स्लॅबच्या खोलीत अजून 37 अंश होते. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत बसतं. त्या खोलीत ठेवलेल्या झाडाला चोवीस तासांत एकदाही विसावा मिळत नाही. दुपारचे तीन-चार तास कडक गेले तरी ब्रोमेलियाड सावरतं. रात्रही गरम गेली तर ते आतून खचत जातं. दिवसा टीव्हीजवळ छान दिसणारं झाड एप्रिलमध्ये 'आपोआप' का मरतं, याचं उत्तर बहुतेक घरांत या रात्रीच्या आकड्यात सापडेल.

४. माठ कुठे आहे ते बघा

थर्मामीटर घेऊन मी घरभर फिरत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माठ थंडा रायते तठीच ठेव न व." मी यंत्र माठाच्या तिवईखाली ठेवलं. दुपारी तीनला 31 अंश, ओल 48 टक्के. घरातली सगळ्यात चांगली जागा हीच होती, आणि ती या घरात कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी शोधून ठेवलेली होती.

यात नवल काही नाही. आपल्याकडे माठ-रांजण जिथे ठेवतात ती जागा पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, छपराखाली खोल आणि थोडी हवा खेळणारी असते. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडताना आजूबाजूच्या हवेतला ताप घेऊन जातं, आणि तीच वाफ हवेत ओल धरते. झाडाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एका जागी. माठाभोवती ओली वाळू असेल तर फारच चांगलं.

उजेड कमी पडेल ही शंका येईल. गुझमानियाला मंद उजेडाची सवय असते. एप्रिल-मेचे आठ-दहा आठवडे त्याने माजघरात काढले तर पानांचा रंग थोडा गडद होतो, बिघडत काही नाही. उघड्या दारातून वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड येत असला की पुरे. निओरेगेलियाचा लाल रंग मात्र सावलीत फिका पडतो, तो पावसाळ्यात परत येतो.

झाड फळीवर किंवा कपाटावर ठेवू नका. गरम हवा वर चढते. आमच्या माजघरात जमिनीवर आणि फळीवर तीन अंशांचा फरक निघाला. सारवलेली जमीन असेल तर कुंडी थेट जमिनीवर ठेवा, आणि कोंबड्या घरात येत असतील तर भोवती चार विटा लावा.

५. होळी ते मृग

होळी झाली की पश्चिमेच्या खिडकीतून झाड उचला. मार्चअखेर दुपारची झळ आत यायला लागते आणि पान एकदा भाजलं की तो डाग कायमचा. गुढीपाडव्यापर्यंत झाड आतल्या खोलीत गेलेलं असावं. वाट बघू नका.

खत बंद. या दिवसांत झाड वाढायच्या नव्हे, तगायच्या फिकिरीत असतं. खत दिलं तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून पानाचं बूड जाळतात. कुंडी बदलणं, पिल्लं (आई-झाडाच्या बुडाशी फुटणारी नवी रोपं) काढणं हेही या दिवसांत नाही.

एक जुनी परात घ्या, तिच्यात नदीची रेती किंवा गिट्टी पसरा, गिट्टी बुडणार नाही इतकं पाणी घाला आणि कुंडी त्यावर ठेवा. कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये. पानांवर पाण्याचा फवारा सकाळी सहा-सातला आणि दिवस मावळल्यावर द्या, भर दुपारी नको.

25 मेच्या सुमारास नवतपा लागतो. ते नऊ दिवस आणि पाऊस येईपर्यंतचा पुढचा आठवडा-दीड आठवडा हाच खरा कस. या दिवसांत मी खोलीच्या खिडकीला ओलं पोतं बांधते. बारदान्याचं पोतं बादलीत बुडवून, निथळवून खिडकीत लटकवायचं आणि खालचं टोक बादलीतल्या पाण्यात सोडायचं, म्हणजे ते स्वतःच पाणी ओढत राहतं. वीज गेली तरी हे चालू असतं. वाळ्याची ताटी असेल तर आणखी छान.

६. कूलर कसा वापरायचा

आपल्या कोरड्या हवेत कूलर खरोखर कामाचा आहे. बाहेर 44 अंश आणि ओल 15 टक्के असेल तर चांगल्या ताट्यांचा कूलर 27-28 अंशांची हवा देऊ शकतो, आणि ती ओली असते. गुझमानियाला अगदी हवी तशी. म्हणूनच कूलर असलेल्या खेड्यातल्या खोलीत हे झाड कधीकधी शहरातल्या एसीच्या खोलीपेक्षा सुखात राहतं, कारण एसी हवा कोरडी करतो.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. झाड थेट झोताच्या तोंडाशी ठेवू नका. एका बाजूला, सहा-सात फुटांवर असू द्या. झोतात पान सतत हलतं आणि ओल्या हवेतही सुकतं. दुसरं, समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत हवा नुसती दमट होते आणि कूलर गार करायचं सोडून देतो. तिसरं, कूलरच्या टाकीतलं पाणी झाडाला कधीही घालू नका. बोअरचं पाणी रोज उडून उडून त्यात क्षार साचत जातात. ताटीवर जमलेली पांढरी खरपुडी नखाने खरवडून बघा, म्हणजे पानावर काय जमेल ते कळेल.

रात्री कूलर बंद करून सगळे अंगणात झोपायला जात असतील तर झाडही सोबत अंगणात न्या. बाहेरची रात्र स्लॅबखालच्या रात्रीपेक्षा गार असते. फक्त सूर्य वर यायच्या आत ते परत आत आलं पाहिजे. आमच्याकडे जो आधी उठतो तो अंथरूण गुंडाळायच्या आधी कुंडी आत ठेवतो.

७. पाणी, पण त्याचाही ताप बघून

ब्रोमेलियाडची पानं मधोमध मिळून एक पेला तयार करतात. झाड पाणी मुख्यतः याच पेल्यातून पितं, पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांनी. मुळं बरीचशी धरून बसायच्या कामाची. म्हणून पेल्यात दोन बोटं पाणी ठेवायचं आणि कुंडीतलं मिश्रण नुसतं ओलसर. काळ्या मातीत हे झाड लावू नका. ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते, दोन्हीकडून मुळं जातात. नारळाच्या शेंड्या, कोळशाचे आणि विटेचे बारीक तुकडे, थोडं कोकोपीट आणि मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत, एवढ्यात भागतं.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं गरम येतं. ते थेट पेल्यात ओतलं तर कोवळी मधली पानं शिजतात. मी हे एकदा केलं आहे. चार दिवसांनी मधलं पान ओढलं तर अलगद हातात आलं, बूड पिवळट-तपकिरी, कुजका वास. तेव्हापासून पाणी रात्री बादलीत भरून ठेवते, सकाळी वापरते. हिवाळ्यात उलट: टाकीचं पाणी पहाटे बर्फासारखं असतं, तेव्हा दहा-अकराला द्यायचं.

बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं पाणी साठवा. पहिल्या दोन पावसांचं सोडून द्या, नंतरचं झाकणाच्या ड्रममध्ये भरा. दोन-तीन झाडांना एक ड्रम उन्हाळ्यापर्यंत पुरतो. पेल्यातलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका, कुंडी तिरकी करून, आणि नवं भरा. उन्हाळ्यात ते कोमट होऊन नासतं आणि पावसाळ्यात त्यात डासांची अंडी होतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे इथे आळस नको.

आणि तांबं नको. या कुळाला तांबं सोसत नाही. संत्र्याच्या झाडांना आपण बोर्डो मिश्रण मारतो, त्यातलं मोरचूद म्हणजे तांबंच. तोच पंप, तोच फवारा ब्रोमेलियाडवर वापरला तर झाड जातं, धुतलेला असला तरी धोका नको. बागेत फवारणी चालू असताना झाड बांधावर किंवा वाऱ्याच्या दिशेला ठेवू नका. तांब्याच्या गडव्यात रात्रभर ठेवलेलं पाणीही मी याला घालत नाही.

८. पावसाळा

हे त्याचे दिवस. पहिला चांगला पाऊस झाला आणि दुपारचं तापमान 35 च्या खाली आलं की झाड ओसरीत किंवा आंब्या-लिंबाच्या दाट सावलीत काढा. एकदम नको, चार-पाच दिवस ओसरीत, मग झाडाखाली. ढग फाटून निघालेलं आषाढातलं ऊन भाजून काढतं. पाऊस पेला स्वतःच भरतो. कुंडीत पाणी तुंबत नाही ना एवढं बघा. तणनाशक फवारणीच्या दिवशी आत घ्या.

९. दसऱ्यानंतर जागा पुन्हा तपासा

ऑक्टोबरात फसगत होते, कारण आपण उन्हाळा संपला म्हणून निर्धास्त असतो. पाऊस गेलेला, हवा कोरडी व्हायला लागलेली, दुपार 34-35 अंशांची. त्यातच सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. जून-जुलैत पूर्ण सावलीत असलेल्या दक्षिणेकडच्या ओसरीत आता दुपारी बारापासून थेट ऊन शिरतं. पानांवर मधोमध फिकट, कागदासारखा चट्टा दिसला तर ते हेच. दसऱ्याला एकदा दिवसभर ओसरीतल्या उन्हाची रेघ बघा आणि कुंडी तिच्या मागे सरकवा.

१०. थंडी

आपल्याकडचा हिवाळा बहुतेक दिवस या झाडाला मानवतो. दुपारी 26-28 अंश, सकाळचं कोवळं ऊन, काटेवाल्यांना तर ते हवंच असतं. त्रास थंडीच्या लाटेच्या सात-आठ रात्रींचा. शेतातल्या घरी, नदीकाठी, गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्यांजवळ पारा आणखी खाली जातो.

रात्रीचं तापमान 15 च्या खाली येऊ लागलं की झाड आत घ्या आणि खिडकीपासून हातभर लांब ठेवा. 12 च्या खाली जाणार असं वाटलं तर पेला जवळपास रिकामा करा, तळाशी ओल राहील इतकंच पाणी. गार पाण्यात रात्रभर बसलेली मधली पानं काचेसारखी पारदर्शक होतात आणि दोन-तीन दिवसांत काळी पडतात. रात्री कुंडीवर उलटी टोपली ठेवून तिच्यावर जुनं लुगडं टाकलं तरी दोन-तीन अंश वाचतात. उन्हाळ्यात नकोशी असलेली स्लॅबची खोली आता कामाची, दिवसाचा ताप ती रात्री देते. माझी झाडं मार्गशीर्ष-पौषात तिथेच असतात.

चुलीजवळची ऊबही मोहात पाडते, पण तिथे धूर आहे. अझोर्स बेटांवरच्या अननस-बागायतदारांना काचघरात धूर झाल्यावर अननस वेळेआधीच फुलल्याचं दिसलं होतं. धुरातला इथिलीन वायू या कुळाला फुलायला लावतो. अर्धवट वाढलेलं झाड चुलीजवळ ठेवलं तर ते खुरटा तुरा काढून मोकळं होतं. हीच गोष्ट उन्हाळ्यात आंब्याच्या अढीची. तणसात घातलेले आंबे पिकताना इथिलीन सोडतात, आणि अढीही आपण घरातल्या गार, अंधाऱ्या खोलीतच घालतो, म्हणजे नेमकी झाडाच्या जागेवर. दोघांना वेगळ्या खोल्या द्या.

पूर्ण वाढलेलं झाड फुलवायचं असेल तर हाच गुण वापरता येतो. पेला रिकामा करून झाडासोबत एक पिकलेलं सफरचंद किंवा दोन पिकलेली केळी मोठ्या पारदर्शक पिशवीत सात-आठ दिवस बंद करा. सावलीत ठेवा, उन्हात पिशवीची भट्टी होते. हवा 20 ते 28 अंशांच्या मधली असताना, म्हणजे नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत करा. दोन-तीन महिन्यांत तुरा दिसतो. आपल्या भागात घरोघर असलेलं संत्रं मात्र यासाठी चालत नाही, त्यातून इथिलीन फारच थोडा निघतो.

झाड काय सांगतंय

फक्त टोकं तपकिरी, बाकी पान हिरवं: हवा कोरडी, परात आणि पोतं. पान लांबीत नळीसारखं मिटतंय, मधली पानं एकमेकांना चिकटलीत: पाणी आणि ओल दोन्ही कमी, पेला भरा, चिकटलेली पानं कोमट पाण्याने ओली करून हळूच सोडवा. पानाच्या मधोमध पांढुरका चट्टा: थेट ऊन. बूड मऊ आणि वास: गरम किंवा साचलेलं पाणी. पेला रिकामा करा, सडलेली पानं काढा, हवेशीर ठेवा.

एक लक्षण मात्र तापमानाशी जोडू नका. ब्रोमेलियाड एकदाच फुलतं. तुरा दोन-चार महिने टिकतो, गरमीत त्याहून लवकर फिका पडतो, आणि त्यानंतर आई-झाड हळूहळू वाळतं. केळीचं जसं घड उतरवल्यावर होतं तसंच. नर्सरीतून आपण फुललेलंच झाड आणतो, त्यामुळे त्याचा हा उतार नेमका आपल्या उन्हाळ्यात येतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं गुझमानिया मे महिन्यात वाळलं तेव्हा कुंडीसकट उकिरड्याजवळ ठेवून दिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांसाठी झेंडूची फुलं तोडायला तिकडे गेले तर वाळक्या पानांच्या बगलेतून दोन हिरवी टोकं वर आलेली, आणि त्यांच्या इवल्याशा पेल्यात पावसाचं पाणी. आज आमच्या घरात आहेत ती सगळी गुझमानिया त्या दोघांची.

म्हणून वाळणारं आई-झाड टाकू नका, पिल्लांना ते अजून पोसत असतं. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की धारदार सुरीने, थोडी मुळं सोबत घेऊन कापा, एक दिवस सावलीत जखम सुकू द्या आणि छोट्या कुंडीत लावा. हे काम मृग ते पोळा याच दिवसांत करा, पाऊस लागला की दिवस-रात्र बहुतेक 24 ते 32 अंशांत असतात आणि हवेत ओल भरपूर असते. सुरुवातीचे तीन आठवडे पिल्लू कलतं, त्याला दोन काड्यांचा आधार द्या. पहिला उन्हाळा येईल तेव्हा सगळ्यात लहान कुंडी माठाच्या सगळ्यात जवळ.